मैनाबाईचा रशियन कंदील

मी एक जुना रशियन कंदील आहे. मित्रांनो, कंदील म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे उजेड येतो. पण उजेड देणं हे माझं निम्मंच काम. माझ्या काचेच्या वर धातूच्या पातळ पात्यांचं एक गोल टोपडं आहे. त्यातून तारा बाहेर निघतात. वात पेटवली, काच तापली, की त्या तारांमधून वीज यायला लागते आणि त्या विजेवर रेडिओ वाजतो.

तुम्हाला हसू आलं असेल तर राग नाही. या गोष्टीला पुष्कळ माणसं हसली. त्या हसण्यानं मला काही झालं नाही, मी धातूचा. पण मैना नावाच्या एका बाईला ते फार लागलं. माझी कहाणी म्हणजे तिचीच कहाणी आहे. तिच्याशिवाय मला ती सांगताच येणार नाही.

माझा जन्म मॉस्कोतल्या एका कारखान्यात झाला. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. रशिया केवढा तरी मोठा देश. तिथली कितीतरी खेडी बर्फात बुडालेली, आणि विजेच्या तारा तिथवर पोचलेल्या नव्हत्या. लेनिनग्राडमध्ये अब्राम इऑफे नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी एका गोष्टीचा अभ्यास करत होते. दोन वेगळ्या पदार्थांच्या कांड्या टोकाला जोडल्या, एक टोक तापवलं आणि दुसरं गार ठेवलं, तर त्यातून वीज वाहते. हे जगाला आधीपासून ठाऊक होतं. पण ती वीज इतकी थोडी असे की तिचा उपयोग काय, ते कुणाला सुचत नव्हतं. या मंडळींनी त्यासाठी योग्य पदार्थ शोधले. युद्धाच्या काळात त्यांनी असं एक पातेलं बनवलं, की ते शेकोटीवर ठेवलं तर जंगलात लपलेल्या लढवय्यांचा वायरलेस चाले. मी त्या पातेल्याचा धाकटा भाऊ. माझ्या पोटात जस्त आणि अँटिमनी एकत्र वितळवून केलेल्या करड्या कांड्या आहेत आणि त्यांना जोडलेल्या तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या पट्ट्या आहेत. त्यांची आतली टोकं ज्योतीच्या बाजूला आणि बाहेरची टोकं पात्यांच्या बाजूला. पाती वाऱ्यानं गार राहिली की माझं काम छान चालतं.

मग मी वऱ्हाडात कसा आलो? भिलाईला रशियाच्या मदतीनं पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. तिथं आलेल्या एका रशियन इंजिनिअरच्या पेटीतून मी आलो. त्यांचं नाव विक्तर पावलोविच. हिंदुस्थानात वीज नसेल असं त्यांना कुणी तरी सांगितलेलं. प्रत्यक्षात भिलाईत इतका लखलखाट होता की मला पेटीतून बाहेर काढायची वेळच आली नाही. त्यांच्या हाताखाली जानराव नावाचा एक तरणा फिटर होता. वलगावजवळच्या एका खेड्यातला, कामाला चोख आणि बोलायला कमी. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण पान्याची आणि नटाची भाषा दोघांची एकच होती. विक्तर पावलोविच मायदेशी परत निघाले तेव्हा त्यांनी जानरावला विचारलं, "तुझ्या गावात वीज आहे?"

"नाही साहेब."

"मग हा तुझा," असं म्हणून त्यांनी मला आणि माझ्या सोबतच्या रेडिओला त्याच्या हवाली केलं. रशियन माणसं निरोप घेताना घट्ट मिठी मारतात. जानराव बिचारा मिठीत लाकडासारखा उभा राहिला आणि नंतर गाडीत बडनेऱ्यापर्यंत डोळे पुसत आला.

जानरावचं नुकतंच लग्न झालं होतं. भिलाईत राहायला खोली मिळाली नव्हती, म्हणून बायको गावीच, सासूजवळ. तीच मैना. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगलं, खाली रेडिओ ठेवला, तारा जोडल्या.

"वात पेटव," तो मैनेला म्हणाला. "आन् मंग थांब जराशी."

काच तापायला थोडा वेळ लागला. मग खरखर झाली आणि नागपूरच्या केंद्रावरून एक बाई स्वच्छ आवाजात बोलू लागली. मैनेची सासू दारातच बसली.

"अवं माय! कंदिलात मानूस बोलून राहिला!"

 मैना मात्र माझ्याभोवती एक चक्कर मारून आली, तारांवरून बोट फिरवत रेडिओपर्यंत गेली, आणि परत माझ्या ज्योतीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून माझी सगळी देखभाल तिनं आपल्याकडे घेतली. वात कात्रीनं सारखी कापायची, काच राखेनं आणि मऊ फडक्यानं पुसायची, पात्यांमधली धूळ कोंबडीच्या पिसानं काढायची. जानराव भिलाईला परतला की घरात आवाज तो माझाच. नवरा दूर असलेल्या बाईला संध्याकाळ किती मोठी वाटते, हे मला तिच्याकडे बघून कळलं. रेडिओवर भिलाईचं नाव आलं की तिचा हात जागच्या जागी थांबायचा.

उन्हाळा आला आणि माझी पंचाईत झाली. मी थंडीच्या देशात घडलेला. वऱ्हाडात मे महिन्यात संध्याकाळीसुद्धा वारा कढत असतो. पाती गार होईनात, वीज कमी पडू लागली, रेडिओ घसा बसल्यासारखा कुजबुजू लागला. सुटीवर आलेल्या जानरावनं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"बिघडला वाटते. भिलाईले नेतो याले."

"बिघडला नाई," मैना म्हणाली. "त्याले गरम होऊन राहिलं."

"कंदिलाले गरम होते काय वं?" जानराव मोठ्यानं हसला.

 मैनेनं एक गोणपाट भिजवून दारात टांगलं आणि त्याच्या आतल्या बाजूला, जिथून वारा येतो तिथं, मला लावलं. ओल्या गोणपाटातून आलेला गार वारा माझ्या पात्यांना लागला, आणि थोड्या वेळानं रेडिओचा आवाज वर आला. जानराव पुन्हा हसला, पण या वेळी बायकोकडे बघून, खुशीत. त्यांच्या संसारातला तो हसरा उन्हाळा मला अजून आठवतो.

आमचं घर गावाच्या कडेच्या बौद्धपुऱ्यात होतं. मित्रांनो, त्या वेळी गावात एक वाईट रीत होती. बाकीच्या आळीतली माणसं या पुऱ्यातल्या घरचं पाणी पीत नसत. रेडिओ ऐकायचा मोह मात्र सगळ्यांना होता. पुऱ्यातले लोक अंगणात बसत, आणि काही जण तुराट्यांच्या कुंपणाबाहेर उभे राहून ऐकत. त्यात रामराव नावाचे एक शेतकरी होते. उंच, मिशाळ, स्वभावानं ताठ. ते इतरांपेक्षाही दोन पावलं मागे उभे राहायचे.

पासष्ट सालच्या पावसाळ्याच्या शेवटी युद्ध सुरू झालं. रामरावांचा मुलगा गोपाल फौजेत होता, पंजाबच्या सीमेवर. रामराव आता रोज सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहू लागले. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा त्यांनी घरचं रॉकेल बाटलीत घालून आणलं आणि कुंपणावरून मैनेपुढे धरलं.

"कंदील बंद नोको पडू देजो बाई."

"आत या ना जी," मैना म्हणाली. "तिथं निम्मं आयकू येत नाई."

"नाई, नाई. इथंच बरा हाय मी."

दोघंही एकमेकांकडे न बघता बोलत होते. मला त्यांच्यामधलं ते कुंपण तेव्हा फार उंच वाटलं. खरं तर ते माणसाच्या कमरेइतकंच होतं.

एके दिवशी बातम्यांत गोपालच्या भागाचं नाव आलं. तिथं जोराची लढाई चालू असल्याचं सांगत होते, आणि नेमकी तेव्हाच माझी वात भडकली. काच काळवंडली. रेडिओचा आवाज खाली खाली जाऊ लागला.

"काय म्हने?" रामराव ओरडले. "काय म्हने तो? मैनाबाई, काय म्हने?"

मैनेनं पदरानं तापलेली काच धरली, वात उतरवली, काजळी पुसली. तिची बोटं भाजली असणार, पण तिनं काच सोडली नाही. आवाज परत आला. आपल्या जवानांनी ठाणं राखलं, एवढंच त्यात होतं. कुणाचं नाव नव्हतं. बातम्या संपल्या तेव्हा सगळ्यांना दिसलं, की रामराव कुंपण ओलांडून आत आले होते आणि माझ्या खाली मातीत बसले होते. आपण आत कधी आलो हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. 

मैना घरात गेली आणि पाण्याचा गडू घेऊन आली. तो त्यांच्या पुढ्यात ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली.  तिची सासू दारातून खुणेनं नको नको म्हणत होती. उगाच तमाशा व्हायला नको, अशी तिची भीती.

रामरावांनी गडू घेतला. तोंड लावून घटाघट प्यायले. पाणी मिशांवरून छातीवर ओघळलं. मग गडू परत देत ते म्हणाले, "आनखी असंन त दे माय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत त्यांची बायको केशरबाई आली. ती कुंपणाशी थांबलीच नाही. सरळ मैनेच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मले बी बसू देजो व. घरी जीव लागत नाई." मैनेनं तिच्या हातात फडकं दिलं, आणि दोघींनी मिळून माझी काच पुसली. गोपाल हिवाळ्यात सुखरूप परत आला. सारं गाव बदललं, असं मी म्हणणार नाही. पण ती एक वाट पडली ती पडली. मी उजेड खूप ठिकाणी दिला असता, पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम त्या अंगणात झालं, असं मला वाटतं.

नंतर मैनेला मुलगा झाला. प्रीतम. तो रांगत होता तेव्हा गावात विजेचे खांब आले. जानरावनं सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर आणला. माझ्या सोबतीच्या रेडिओतले काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, एकेक करून गेले, ते इथं कुठं मिळणार? शेवटी त्याचा खोका रिकामा करून त्यात कांदे ठेवले. मला माळ्यावर चढवलं. रुसायचं कारण नव्हतं. वीज घरात येणं चांगलंच. मी स्वतः विजेसाठीच तर जन्मलो होतो.

वर्षं गेली. प्रीतम रेल्वेत लागला, बडनेऱ्याला घर झालं, सगळं सामान तिकडे आलं. त्यात मीही. जानराव गेला. माझ्या उजेडात बसलेली पुऱ्यातली माणसं गेली, रामराव आणि केशरबाई गेले. माझ्याकडून रेडिओ ऐकलेलं माणूस म्हणून जगात एक मैनाच उरली.

नातीला, रश्मीला, ती ही गोष्ट सांगायची. "तुह्या आबानं रशियाचा कंदील आनला होता. तो लावला का रेडिओ वाजे."

प्रीतम ऐकत असला तर हसायचा. "आई, कंदिलावर कुठी रेडिओ वाजते काय? सेल असतीन त्यात. कंदील उजेडासाठी बाजूले ठेवला असंन."

"सेल नोयते रे. मी माह्या हातानं वात कापत होती."

"बरं, बरं."

प्रीतम वाईट मुलगा नव्हता. आईला दवाखान्यात नेणारा, तिच्यासाठी स्टेशनवरून गरम आलूबोंडे आणणारा मुलगा. पण त्याला वाटायचं, की म्हातारपणी दोन आठवणी एकात मिसळतात. घरी रेल्वेतले मित्र आले की तो गमतीनं म्हणायचा, "आई, ते कंदिलाची गोष्ट सांग न!" आणि ती भाबडेपणानं सांगायला बसायची. मित्र तोंड दाबून हसायचे. एकदा तिनं सांगता सांगता वर पाहिलं आणि ते हसणं तिला दिसलं. ती अर्ध्यावर थांबली. "पुढचं याद नाई," म्हणाली आणि आत गेली. मी माळ्यावर होतो. तिला सगळं आठवत होतं, हे मला ठाऊक होतं. पण कंदिलाला साक्ष देता येत नाही.

पुढे तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती अमरावतीला दवाखान्यात होती तेव्हा प्रीतमनं घर आवरलं आणि मला कुलदीपला देऊन टाकलं. कुलदीप हा त्याच्या मित्राचा मुलगा. त्यानं अकोल्याच्या रस्त्यावर नवा ढाबा काढला होता आणि त्याला सजावटीसाठी जुन्या वस्तू हव्या होत्या. मैना घरी आली, नव्या डोळ्यांनी माळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कंदील कुठी हाय?"

"मोडका होता आई. देऊन टाकला."

 त्या दिवसापासून तिनं गोष्ट सांगणं सोडलं, हे मला पुढे रश्मीकडून कळलं. कुणी विचारलं तरी नाही. खोटं ठरण्याची तिला सवय झाली होती, पण आता दाखवायला मीही उरलो नव्हतो.

ढाब्यावर माझे हाल झाले असं म्हणू नका. कुलदीपनं मला प्रेमानं लाल ऑइलपेंट फासला. डोक्यातून ड्रिलनं भोक पाडून आत एक विजेचा बल्ब सोडला. ते भोक माझ्या एका बाजूच्या कांड्यांमधून गेलं. मी आतून तुटलो आणि बाहेरून झळकू लागलो. लोक माझ्याखाली उभे राहून फोटो काढायचे. जो वीज देत होता त्याच्या पोटात वीज घालून त्याला उजळवलं, याचं मला कधी हसू येई, कधी वाईट वाटे.

इकडे रश्मी मोठी झाली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती अकोल्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. उष्णतेपासून वीज देणारे पदार्थ, हाच तिचा विषय. गाड्यांच्या धुरांड्यांतून, भट्ट्यांतून किती उष्णता फुकट जाते, ती पकडता येईल का, असं ती शोधत होती. एकदा जुन्या रशियन संशोधनाबद्दल वाचताना तिला एक फोटो दिसला. टांगलेला कंदील, डोक्यावर पात्यांचं टोपडं, खाली रेडिओ आणि रेडिओभोवती बसलेली माणसं. हे तिनं नंतर आजीला सांगितलं तेव्हा मला कळलं. ती म्हणाली, "आजी, माह्या अंगावर काटाच आला. मी तो फोटो पाहून राहिली होती, आन् कानात तुहा आवाज येत होता."

तिनं लगेच वडिलांना फोन लावला. कंदील कुठं आहे हे कळल्यावर ती बस पकडून ढाब्यावर आली. माझ्याखाली उभी राहिली आणि फोटो न काढता नुसती पाहत राहिली. मग खुर्चीवर चढून तिनं माझी पाती चाचपली.

"कुलदीपदादा, हा कंदील मले परत पाहिजे."

"काहून? तुह्या बाबानंच देल्ला न मले," कुलदीप म्हणाला. "गिऱ्हाईकाले लय आवडते तो."

"हा नुसता कंदील नाई, वीज बनवाची मशीन हाय. आजी खरं सांगत होती."

कुलदीपही त्या हसणाऱ्यांच्या घरातलाच. त्यानं मैनाबाईची गोष्ट आपल्या वडिलांकडून विनोद म्हणून ऐकली होती.  मग शिडी आणून त्यानं स्वतः मला खाली उतरवलं.

"वाजला त मले बी बोलावजो," तो म्हणाला. "आन् भोक मीच पाडलं, हे आजीले नोको सांगू."

अकोल्याच्या प्रयोगशाळेत रश्मीनं माझा रंग उतरवला, तारा तपासल्या. एका बाजूच्या कांड्यांचा चुरा झाला होता. दुसरी बाजू शाबूत वाटत होती, पण आतून काय झालंय ते कळत नव्हतं. तुटलेली बाजू उघडावी का, या विचारात ती पडली. उघडली तर आतला पदार्थ अभ्यासता येईल, पण मी पुन्हा पूर्वीसारखा कधी होणार नाही. मग ती मला घेऊन बडनेऱ्याला गेली आणि आजीच्या मांडीवर ठेवून तिलाच विचारलं.

मैनेनं मला बोटांनी ओळखलं. पात्यांच्या फटीत राहिलेला लाल रंग नखानं खरवडून पाहिला.

"रंग कोनं फासला वं याले?" तिनं विचारलं.  मग म्हणाली, "उघड तू. इतकी वर्सं मी बाहेरूनच पुसला. पोटात काय हाय ते मले बी पाहू दे."

मित्रांनो, मला भीती वाटली नाही असं नाही. पण रश्मीचे हात हलके होते. तिनं तुटलेली बाजू उघडून एक करडा, चकाकता तुकडा आजीच्या तळहातावर ठेवला. "हे जस्त आन् अँटिमनी, आजी. मूलद्रव्यांचा तक्ता असते न आमच्या लॅबमंधी, मेंडेलीव्हचा? त्यातले दोन. एकत्र आले तवा तुहा रेडिओ वाजला." मैनेनं तो तुकडा खूप वेळ निरखला, आणि तो किती ठिसूळ आहे हे पाहून मूठ अलगद मिटली.

शाबूत बाजू चालते का ते बघायला पुढच्या रविवारी सगळे बडनेऱ्याच्या घरी जमले. अमरावतीच्या इतवारा बाजारातून नवी काच आली. रॉकेल आता कुठं मिळत नाही, पण कुलदीपनं अंजनगाव सुर्जीच्या मावशीकडून बाटलीभर आणलं. माझी वीज आता कमी, म्हणून रश्मीनं ती वाढवणारं छोटं सर्किट मध्ये जोडलं होतं आणि पुढे हातात मावेल एवढा रेडिओ. प्रीतमनं रेडिओ उचलून मागचं झाकण उघडलं. सेलची जागा रिकामी होती. त्यानं झाकण लावलं आणि बाजूला बसला.

वात मैनेनंच पेटवली. काच तापू लागली. रेडिओ मुका. रश्मी ओठ चावत होती. कुलदीपची नजर जमिनीवर होती, ते भोक त्याला खात असावं. मी जीव लावून तापत होतो, पण माझ्या हाती तरी काय होतं? बाहेरच्या दारातून थोडा वारा आला. मग बारीकशी खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला, विदर्भात पुढचे दोन दिवस आकाश कोरडं राहील असं सांगणारा.

 रश्मीनं आजीकडे पाहिलं, ती रडेल असं तिला वाटलं असावं. "आजी, आयकू येते का? जवळ आनू?"

"मले कायले आयकवता?" मैना म्हणाली. "मी आयकलेलं हाय. तुमी आयका."

प्रीतमनं मान खाली घातली.  मग म्हणाला, "आई, मी लय हासलो तुह्यावर."

"हासला त हासला," ती म्हणाली. "आता वात उतरव. काच काजळून राहिली."

त्यानं वात उतरवली. जास्त उतरली, तेव्हा तिनं त्याच्या हातावर हात ठेवून ती नीट केली.

आता मी अकोल्याला रश्मीच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात असतो. हा निर्णय मैनेचा. "माह्यापाशी ठेवून कोन पायते? पोट्ट्यायले दाखव," असं ती म्हणाली. माझी उघडलेली बाजू शेजारीच ठेवली आहे, म्हणजे आतलं सगळ्यांना दिसतं. आमच्यासारख्यांच्या शोधावर काम केलेले ते रशियन संशोधक, विक्तर पावलोविच, जानराव, कुणीही आज नाही. पण रश्मी त्याच जातीच्या नव्या कांड्या भट्टीत वितळवते, तेव्हा मला वाटतं की काम सुरू आहे.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजनं मैनेला बोलावलं. प्रीतम तिला स्वतः घेऊन आला. पांढरं लुगडं, हातात काठी. समोर बाकांवर मुलंमुली. ती उभी राहिली, थोडी घाबरली, आणि मग सुरुवात केली. ओलं गोणपाट, भाजलेली बोटं, रामरावांचा गडू, सगळं. एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "आजी, उन्हाळ्यात आवाज कमी व्हायचा म्हणजे किती?" मैनेनं आपला आवाज कुजबुजीइतका बारीक करून दाखवला. मुलगी ते वहीत लिहून घेऊ लागली. मैना थांबली, सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. कुणीही हसत नव्हतं. मग ती खुर्चीवर नीट टेकून बसली आणि सावकाश, काहीही न गाळता, पुढचं सांगू लागली.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंवर रंग फासण्याआधी त्या कशासाठी केल्या होत्या ते विचारा. आणि तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस कधी न पटणारी गोष्ट सांगू लागलं, तर हसण्याआधी शिडी लावून एकदा माळ्यावर चढून बघा. वस्तू बिचाऱ्या वाट बघत पडून राहतात, आमचं काय एवढं. पण सांगणारं माणूस एकदा गप्प झालं, की त्याला परत बोलतं करायला फार उशीर झालेला असू शकतो. माझ्या मैनेच्या बाबतीत तो झाला नाही, हे आमचं नशीब.